दिवसाढवळ्या तारे

बुऱ्हाणपूरचे तिकीट काढून आलेला माणूस उतरतो तो लालबागला. पाटीवर बुऱ्हाणपूर, शहर तिथून ऑटोने गाठायचे, आणि आम्ही लालबागवाले मधल्यामध्ये कुठल्याच पाटीवर नाही. बाग होती ती मोगलांच्या काळात. मिलच्या भोंग्यावर घड्याळे लागायची ती वडिलांच्या काळात. आता पाहुण्याला हौसेने दाखवावी अशी एकच गोष्ट उरली आहे आणि तीही जमिनीखाली आहे. कुंडी भंडारा. अब्दुल रहीम खानखानाच्या अमदानीत, १६१५च्या सुमारास, तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने सातपुड्यातून ताप्तीकडे झिरपत जाणारे पाणी जमिनीच्या पोटातच अडवले आणि बोगद्यातून, नुसत्या उताराच्या जोरावर, शहराला पाजले. बोगद्याच्या माथ्यावर ठरावीक अंतराने शंभराहून जास्त उभ्या विहिरी आहेत, त्या कुंड्या. पाहुण्यांना ‘कुंडी भंडारा बघायचा का?’ असे विचारले तर ते ‘उद्या बघू’ म्हणतात. त्याचेच लोकांच्या तोंडी बसलेले दुसरे नाव आहे खूनी भंडारा. ते सांगितले की अर्धा चहा ठेवून उठतात.

या कुंडीत उतरून वर पाहिले तर भर दुपारी तारे दिसतात, असे आमच्या लहानपणी सगळी मोठी माणसे सांगत. सांगणाऱ्याने स्वतः पाहिलेले नसे. ज्याने पाहिले तो नेहमी सांगणाऱ्याच्या मामाच्या ओळखीचा असे. मी खाली उतरलो तो बराच मोठा झाल्यावर, लिफ्टच्या पिंजऱ्यातून. सत्तर-ऐंशी फूट खाली हवा एकदम गार होते, भिंतींवर चुन्याचे पांढरे थर चढलेले दिसतात, पायांशी पाणी संथ वाहत असते. मान वर केली. कुंडीचे तोंड ताटलीएवढे दिसत होते आणि त्या ताटलीत आकाश इतके लखलखीत होते की डोळे मिटावे लागले. तारा एकही नाही.

असणारच नव्हता. विहिरीच्या भिंती आजूबाजूचे आकाश झाकतात, पण डोक्यावरचा तुकडा बाहेरून जेवढा उजळ तेवढाच आतूनही उजळ राहतो आणि तारा बुडतो तो त्याच उजेडात. शिवाय एवढ्याशा तोंडातून दिसायचा तर तारा नेमका माथ्यावरूनच जायला हवा. लालबागच्या माथ्याजवळून जाणारा ठळक तारा म्हणजे स्वाती, आणि तीही थोडी दक्षिणेकडे सरकून जाते. गंमत अशी की ही थाप आमच्या गावची नाहीच. खड्ड्यांतून आणि विहिरींतून कधीकधी तारे दिसतात असे ॲरिस्टॉटलने तेवीसशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे. आमच्या गल्लीतल्या आबांना आपल्या पाठीशी एवढा मोठा माणूस उभा आहे हे कळते, तर त्यांनी चौकात दोघांचा मिळून सत्कार करवून घेतला असता.

त्या दिवशी खाली माझ्यासोबत रावेरकडचे एक कुटुंब होते. आजी, मुलगा, सून, दोन नातवंडे. त्यांनाही कोणीतरी ताऱ्यांचे सांगितले असावे, कारण पाचही जण माना मोडून वर बघत होते. धाकट्याने विचारले, ‘दुपारी तारे जातात कुठे?’ आजी म्हणाली, ‘झोपायला.’ मुलगा म्हणाला, ‘नाही, असतात तिथंच, उजेडात दिसत नाहीत.’ हे त्याने शाळेत वाचले असणार; पण मुलाला सांगायची वेळ जमिनीखाली उभे राहून, एका थापेच्या निमित्ताने आली. अंतराळाचे वेड बहुतेक अशाच थापांच्या पोटी जन्माला येते, असे माझे मत तेव्हापासून बनत चालले आहे. पुरावे मी गोळा करून ठेवले आहेत.

ज्यूल व्हर्नने १८६५ साली माणसे चंद्राकडे पाठवली ती तोफेतून. तोफ नऊशे फूट लांब, माणसे आत गादीवर, बत्ती दिली की थेट चंद्र. हे पुस्तक ट्रान्सिल्व्हेनियातल्या हर्मान ओबर्ट नावाच्या पोराच्या हाती लागले. पोराने ते पुनःपुन्हा वाचले आणि मग हिशेब मांडला, की असे उडवलेले प्रवासी चंद्र सोडाच, तोफेचे तोंडही जिवंत पाहणार नाहीत. तोफ नाही, मग काय? या ‘मग काय’मधून रॉकेटचे शास्त्र उभे करणाऱ्या पहिल्या दोन-तीन माणसांत ओबर्ट गणला जातो. रशियातला त्सिओल्कोव्हस्कीही व्हर्नचे ऋण मान्य करायचा. व्हर्नने जर पहिल्याच पानावर ‘तोफेने जाता येत नाही’ असे प्रामाणिकपणे लिहिले असते, तर पुस्तक तिथेच संपले असते आणि ओबर्ट बापासारखा डॉक्टर झाला असता.

पुढे याच ओबर्टला फ्रिट्झ लांग या जर्मन दिग्दर्शकाने आपल्या चंद्रावरच्या सिनेमासाठी सल्लागार नेमले. सिनेमा आला १९२९ साली, मुका. प्रसिद्धीसाठी ओबर्टने खरे रॉकेट उडवून दाखवायचे ठरले होते. ते काही उडाले नाही. पण लांगला एक वेगळीच अडचण पडली होती. रॉकेट सुटतानाचा ताण पडद्यावर दाखवायचा कसा? एक, दोन, तीन असे मोजले तर सुटणार कधी ते बघणाऱ्याला कळत नाही. म्हणून त्याने उलटे मोजले. आज श्रीहरिकोट्याला जी उलटी गिनती लागते, अख्खा देश जिच्यासोबत ओठ हलवतो, ती सिनेमावाल्याने पब्लिकसाठी काढलेली युक्ती आहे. तिची महती आम्हा स्टेशनाजवळ राहणाऱ्यांना जास्त कळते. आमच्याकडे गाडी ‘थोड्याच वेळात’ येते, आणि या थोड्या वेळाला उलटी गिनती लावणे लांगलाही जमले नसते.

आपल्याकडचा पुरावा म्हणजे दारासिंग. ‘चाँद पर चढाई’ हा सिनेमा १९६७चा. त्यात दारासिंग अंतराळवीर होऊन चंद्रावर जातो आणि तिथेही तेच करतो जे तो पृथ्वीवर करायचा. चंद्रावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एक षष्ठांश. खरी धोबीपछाड मारली असती तर समोरचा पहिलवान बराच वेळ खाली आलाच नसता आणि मारामारी कंटाळवाणी झाली असती. म्हणून दिग्दर्शकाने चंद्राला आखाड्याचेच गुरुत्वाकर्षण दिले. आमच्या मोठ्या काकांच्या पिढीने तो टॉकीजमध्ये शिट्ट्या मारत पाहिला. दोन वर्षांनी आर्मस्ट्राँग उतरल्याची बातमी रेडिओवर आली तेव्हा काकांच्या आखाड्यात मत पडले होते, की ‘पहिला’ म्हणायचे ते अमेरिकेपुरते ठीक आहे. हे विनोदाने म्हटले की गंभीरपणे, यावर आमच्या घरी अजून एकवाक्यता नाही. पण त्या बातमीला ते परके नव्हते. चंद्रावर जाणे ही आपल्या ओळखीच्या माणसाने केलेली गोष्ट आहे, अशा थाटात त्यांनी ती ऐकली.

शास्त्राचे लोक सिनेमावर चिडतात ते मुख्यतः आवाजावरून. पोकळीत आवाज नसतो, मग यानाचा स्फोट धडाडधूम कसा होतो? बरोबर आहे. कुब्रिकने १९६८ साली ‘२००१: अ स्पेस ओडिसी’मध्ये पोकळी खरोखर शांत ठेवली आणि जाणकार अजून त्याला हात जोडतात. पण आमच्या टॉकीजमध्ये पडद्यावर शांतता पसरली की पब्लिक मशीनवाल्याच्या नावाने ओरडायचे. तिकीट काढून शांतता ऐकण्याइतकी सुबत्ता लालबागमध्ये तेव्हा नव्हती.

अलीकडचे उदाहरण आमच्या स्वयंपाकघरातले आहे. १५ ऑगस्ट २०१९ला ‘मिशन मंगल’ आला. त्यात विद्या बालन मंगळावर जायची युक्ती पुऱ्या तळून सांगते: तेल तापले की गॅस बंद करा, उरलेल्या पुऱ्या साठलेल्या उष्णतेवर निघतात, तसेच यानाचे इंधन वाचवायचे. सिनेमा बघून आल्यावर आमच्या घरी हा प्रयोग झाला. शेवटच्या पुऱ्या अशा तेलकट निघाल्या की वर्तमानपत्राच्या दोन पुरवण्या लागल्या. सौ. म्हणाल्या, ‘तुमच्या त्या यानाचं काय झालं असेल?’ मी म्हटले, यानाचे पुरीसारखे नव्हते. ‘मग कसं होतं?’

इतक्या वर्षांच्या संसारात अवकाशयानाविषयी त्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी ओट्यावरच्या सांडलेल्या कणकेत बोटाने गोल काढला. आपले पीएसएलव्ही रॉकेट एवढे दणकट नाही की यानाला एका झेपेत मंगळाकडे भिरकावेल. म्हणून ५ नोव्हेंबर २०१३ला त्याने यान पृथ्वीभोवतीच्या लांबट कक्षेत सोडले. पुढे यान फिरत फिरत पृथ्वीच्या सर्वांत जवळ आले, म्हणजे जिथे त्याचा वेग सगळ्यांत जास्त असतो तिथे आले, की इंजिन थोडा वेळ चालवायचे. दर वेळी फेरी आणखी लांब. असे करत १ डिसेंबरला ते पृथ्वीच्या तावडीतून सुटले आणि २४ सप्टेंबर २०१४ला मंगळाला पोहोचले. सौ.नी कणकेतल्या, अंड्यासारख्या लांबत गेलेल्या गोलांकडे बघितले. ‘म्हणजे झोका चढवतात तसं. खाली आला की पाय मारायचा.’ आता सांगा, पुरी चुकली म्हणून झोका सुचला ना? मोहिमेला खर्च आला साडेचारशे कोटी, अंतर साधारण पासष्ट कोटी किलोमीटर. किलोमीटरला सात रुपये पडले, अहमदाबादच्या ऑटोपेक्षा स्वस्त, असा हिशेब खुद्द पंतप्रधानांनी जाहीर सभेत मांडला होता. लालबाग स्टेशनवरच्या ऑटोवाल्याला मी तो ऐकवला. तो म्हणाला, ‘भाऊ, त्यांना सामानासकट एकच सवारी होती. आणि परतीचं भाडं कुठं धरलंय?’ हे दोन्ही मुद्दे बिनतोड आहेत. ते यान परत यायचेच नव्हते.

थापेची बाजू इतकी घेतल्यावर खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांचे नाव काढायला जीभ अडखळते. थाप आणि विज्ञान यांची भेसळ त्यांना मुळीच चालत नसे. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला त्यांनी १९७४ साली ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती मात्र नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःची आद्याक्षरे उलटी फिरवून हे गृहस्थ तयार केले होते, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीच्या हस्ताक्षरात उतरवून घेतली होती. कथेला पहिले बक्षीस मिळाले. आयुष्यभर खरे बोललेल्या माणसाला कृष्णविवर मराठी माणसाच्या घरात शिरवायला एक जगताप उभा करावा लागला, हे मी माझ्या बाजूने मोजतो. त्यांना ते पटले नसते.

त्यांची दुसरी युक्ती मला फार आवडते. सही मागायला आलेल्या मुलांना ते सांगत, पोस्टकार्डावर एक प्रश्न विचारून पाठवा, उत्तर सहीसकट येईल. आणि यायचे. सिनेमाची भूल एका संध्याकाळीत उतरते. ‘तारे दुपारी कुठे जातात’ हा प्रश्न पोटात घेऊन पोर घरी आले, तर त्याचे कोणीतरी असे बसून उत्तर द्यावे लागते. आबांकडून थाप ऐकायला मिळते, नारळीकरांचे पोस्टकार्ड मात्र गावोगाव मिळत नाही. २० मे २०२५ला ते गेले. पोस्टकार्ड त्याच्या आधीच गेले होते.

सरकारी बाजूने पाहिले तर आपल्याकडे अंतराळ गावात शिरले ते टीव्हीचा खोका होऊन. १९७५ ते ७६ असे वर्षभर अमेरिकेचा एक उपग्रह उसना घेऊन सहा राज्यांतल्या चोवीसशे खेड्यांत कार्यक्रम दाखवले गेले. या कामाच्या आघाडीवर एकनाथ चिटणीस, प्रमोद काळे अशी मराठी नावे होती. अँटेना होत्या कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या जाळीच्या. तेव्हाच्या मध्य प्रदेशातली गावे रायपूरकडची निवडली. आमच्या वाट्याला नुसते आकाश आले. दाखवत काय, तर शेती आणि आरोग्य. आकाशातून आलेल्या चित्रात आकाशाचा विषय फारसा नसे, आणि पाहणाऱ्यांना त्याचे काही वाटतही नसे.

ते वाटायला लागले ते चांद्रयानाने. ७ सप्टेंबर २०१९च्या रात्री दोन वाजता, चांद्रयान-२ चंद्रावर उतरायचे होते तेव्हा, मी जागा होतो. पडद्यावर दोन रेघा: यान जायला हवे ती वाट, आणि यान जात होते ती. जमिनीपासून २.१ किलोमीटरपर्यंत सगळे ठीक होते, मग ठिपका वाट सोडून गेला. गल्लीत तीन-चार घरांत दिवे होते. ते एकेक करून मालवले गेले. सकाळी दूधवाल्यानेही विषय काढला नाही, जसा तो गावात मयत झाल्यावर काढत नाही.

२३ ऑगस्ट २०२३ची संध्याकाळ मी मुद्दाम स्टेशन रोडवरच्या टीव्हीच्या दुकानासमोर काढली. पावणेसहाला चांद्रयान-३चे उतरणे सुरू झाले. रस्त्यावर ऑटो आडवेतिडवे लागले. केळीच्या गाडीचा ड्रायव्हर, डोक्यावर पाटी तशीच धरून उभी असलेली एक मावशी, शाळेतली पोरे, पॉवरलूमवर रात्रपाळीला निघालेले दोघे. आणि पडद्यावर काय? आलेख. यानाचे खरे चित्र नव्हतेच. मधूनमधून कार्टूनसारखे एक यान दाखवत, बाकी आकडे, रेघा आणि खुर्च्यांवर बसलेली माणसे.

‘उतरतंय का?’ मावशीने विचारले.

‘रेघ उतरतेय,’ एक पोरगा म्हणाला.

‘रेघ उतरली म्हणजे तेच उतरतंय, मावशी. ती उंची आहे. खाली आली की शून्य.’

मी शाळेत आलेख शिकवणारे मास्तर पाहिले आहेत. चौकटीच्या कागदावर काढलेली कुठलीही रेघ कोणाला श्वास रोखून बघावीशी वाटल्याचे आठवत नाही. इथे दीडशे मीटरवर यान क्षणभर थबकले, तर मावशीची पाटी खांद्यापर्यंत कलली. सहा वाजून चार मिनिटांनी खुर्च्यांवरची माणसे उठली, तेव्हा काय झाले हे कळायला आम्हांला मोजून एक क्षण लागला. मग ड्रायव्हरने हॉर्न दाबला तो सोडलाच नाही. यूट्यूबवर त्या घडीला ऐंशी लाखांवर लोक बघत होते म्हणतात. लालबागच्या त्या दुकानासमोरचे त्यांत धरलेले नाहीत.

रेघेत त्यांना काय दिसले असेल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटते, चित्र प्रत्येकाने घरून आणले होते. ड्रायव्हरच्या चित्रात धुरळा आणि पार्श्वसंगीत असणार, पोरांच्या चित्रात हॉलिवुडचे पांढरे पोशाख, मावशीच्या चित्रात कदाचित फक्त चंद्र. इतकी वर्षे टॉकीजमध्ये जी खोटीनाटी चंद्रभूमी रंगवून दाखवली, तिचे व्याज त्या संध्याकाळी एका हिरव्या रेघेवर वसूल झाले. नुसती रेघ होती म्हणून बरे. खरे चित्र असते तर दारासिंगवाल्यांची निराशा झाली असती.

या सगळ्यानंतर मला वाटू लागले की लालबागमध्येही काही करावे. दुर्बीण महाग, तारांगण लांब. पण एक खेळ फुकट आहे. आमचे अक्षांश २१.३. मेच्या अखेरीस, २६ तारखेच्या आसपास, आणि पुन्हा जुलैच्या मध्यावर सूर्य दुपारी नेमका आमच्या डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. जुलैत ढग असतात, म्हणजे मेच. अडचण एवढीच की २५ मेपासून सूर्य रोहिणीत जातो आणि नवतपा लागतो. तेव्हा लालबागमध्ये दुपारी बारानंतर कुत्रेही हलत नाही. तरी या गावाला नक्षत्रे नवी नाहीत. बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत फारुकी सुलतानाने अरबीच्या जोडीला संस्कृत शिलालेख कोरवून घेतला आहे आणि त्यात शके १५११, पौष शुद्ध पक्ष, सोमवार, कृत्तिका सरून रोहिणी, कन्या लग्न, सगळे घटकांसकट आहे. ज्या गावाने मशिदीत पंचांग कोरले, ते गाव दहा मिनिटे उन्हात उभे राहणार नाही?

नाही राहिले. बोलावले पन्नासेक, आली गल्लीतली पाच पोरे, तीही सरबताच्या आशेने. गच्चीवर मी वरवंटा उभा केला. सव्वाबाराला त्याच्या बुडाशी बोटभर काळी कड होती. ती बारीक होत गेली, नखाएवढी, मग दोऱ्याएवढी. बारा बावीसला वरवंट्याभोवती फरशी सगळीकडून सारखीच पांढरी. पोरे आधी वरवंट्याकडे आणि मग स्वतःच्या पायांकडे बघायला लागली. मी पृथ्वीचा कललेला आस, कर्कवृत्त वगैरे सांगत होतो. त्यातल्या सगळ्यांत लहानाने मध्येच विचारले, ‘काका, भुताला पण सावली नसते ना?’

मी म्हटले, असे म्हणतात खरे.

पुढल्या वर्षी नवतपा लागायच्या आत मोबाइलवर एक निरोप फिरू लागला. २६ मे रोजी दुपारी बरोबर साडेबाराला लालबागमध्ये एक मिनिट माणसांच्या सावल्या गायब होतात, ज्याला खात्री करायची असेल त्याने गच्चीवर जाऊन बघावे, जबाबदारी ज्याची त्याची. खाली तीन भुतांची चित्रे. शेजारच्या वॉर्डातून, स्टेशनपलीकडून, पार नेपानगरहूनही कोणीकोणी ‘खरं आहे का?’ म्हणून विचारू लागले. माझ्याकडेही तो निरोप तीनदा आला. मी साडेबाराचे बारा बावीस केले आणि पुढे पाठवला.